मराठी ख्रिस्ती वाङ्मयांतील पापनिवेदन

'मी पापी आहें' हें वाक्य मराठी माणसाच्या तोंडीं सहज येतें. भजनांत येतें, कीर्तनाच्या निरूपणांत येतें. आणि ज्या घरांत देवाचें नांव केवळ सणावारीं घेतलें जातें त्या घरांतील एखादें वृद्ध माणूसहि तिन्हीसांजा दिवा लागला म्हणजे तें पुटपुटतें. परंतु 'अमक्या दिवशीं, अमक्या माणसाशीं, मी ही लबाडी केली' असें वाक्य आमच्या वाङ्मयांत शोधूं लागल्यास हातीं फार थोडें लागतें. पहिलें वाक्य नम्रतेचें आहे, दुसरें कबुलीचें. पहिल्यानें बोलणाऱ्याची प्रतिष्ठा वाढते; दुसऱ्यानें ती धोक्यांत येते. या दोन वाक्यांमधील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आपलें पाप ओळखणें व तें उघड बोलून दाखविणें या गोष्टीला ख्रिस्ती धर्मांत जितकें मध्यवर्ती स्थान आहे तितकें क्वचितच दुसरीकडे असेल. तेव्हां त्या धर्मांतील मराठी लेखकांनीं मराठीला हें दुसरें वाक्य दिलें कीं नाहीं, आणि दिलें असल्यास तें कोणीं दिलें, हें येथें पाहावयाचें आहे.

आम्ही ख्रिस्ती नव्हों. तरीहि ज्या प्रदेशांत आमचें आयुष्य गेलें त्याला हा विषय परका नाहीं. सहाव्या शतकांतील कॉस्मस या ग्रीक प्रवाशानें 'कल्लिआना' या बंदरीं इराणांत नेमलेला बिशप असल्याचें लिहून ठेवलें आहे, आणि हें बंदर म्हणजे आपलें कल्याणच असें पुष्कळ विद्वान् मानतात. १३२१ सालीं ठाण्यांत चार फ्रान्सिस्कन साधूंचा वध झाला, त्याची हकीकत युरोपभर गेली. पुढें साष्टी व वसई पोर्तुगीजांच्या हातीं आली आणि मराठ्यांनीं १७३७ त ठाणें व १७३९ त वसई घेतल्यावरहि तेथील ख्रिस्ती वस्ती आपल्या धर्मासह राहिली. मासुंदा तळ्याच्या कांठचें सेंट जॉनचें देऊळ पाहिलें नाहीं असा ठाणेंकर विरळा. त्या देवळांत एका बाजूस जाळीचें लांकडी खोपटें असतें, तेथें माणसें गुडघे टेकून कांहीं कुजबुजतात व उठून जातात, एवढें आम्हांस लहानपणापासून ठाऊक होतें. तें कुजबुजणें म्हणजे काय, हें मात्र वाङ्मयाच्या वाटेनें पुष्कळ उशिरां कळलें.

त्या विधीची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. १२१५ सालीं लॅटरन येथें भरलेल्या चौथ्या धर्मपरिषदेनें असा दंडक घातला कीं, वयांत आलेल्या प्रत्येक ख्रिस्ती स्त्रीपुरुषानें वर्षांतून निदान एकदां आपल्या धर्मगुरूपाशीं पापें सांगावींत. पुढें १५५१ त ट्रेंटच्या परिषदेनें ही गोष्ट अधिक कांटेकोर केली: गंभीर पापें सांगतांना त्यांचा प्रकार व संख्याहि सांगितली पाहिजे. म्हणजे 'माझ्या हातून पुष्कळ चुका झाल्या' एवढ्यानें भागत नाहीं. कोणती चूक, किती वेळां, हें बोलावें लागतें. आधीं स्वतःच्या मनाची झडती, मग अनुताप, मग निवेदन, मग धर्मगुरूच्या मुखानें क्षमा व त्यानें नेमून दिलेलें प्रायश्चित्त, असा क्रम आहे. आणि ऐकलेलें बाहेर फोडणें धर्मगुरूला सर्वस्वीं निषिद्ध आहे. गोमंतकांतील कोंकणींत याला 'कुमसार' म्हणतात. शब्द पोर्तुगीजांतून आलेला, पण आतां पूर्णपणें घरचा. प्रॉटेस्टंट पंथांनीं ती जाळी काढून टाकली. त्यांच्या मतें पाप सांगावयाचें तें देवापाशीं, आणि ज्याचा अपराध केला त्याच्यापाशीं. मध्यें दुसरा कोणी नको. परंतु नेमकेपणाचा आग्रह दोघांचाहि सारखाच. बायबलांतील नाथान संदेष्टा दाविद राजापुढें जातो तो पापावर व्याख्यान देण्यासाठीं नव्हे. तो एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो, राजाला त्या गोष्टींतील श्रीमंताचा संताप येतो, आणि मग नाथान त्याला सांगतो कीं तो श्रीमंत तूंच. दाविदाचें पाप या एका क्षणांत 'पाप' न राहतां उरीयाची बायको व उरीयाचा खून होतें.

हें सर्व परकीय आहे असें कोणी म्हणेल तर त्यानें आपलीं शास्त्रें उघडून पाहावींत. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत पापापासून सुटण्याचे उपाय सांगतांना 'ख्यापन' म्हणजे पाप उघड करणें याचा उल्लेख अनुताप, तप व अध्ययन यांच्याहि आधीं केला आहे. प्रायश्चित्त घेणाऱ्यानें विद्वानांच्या परिषदेपुढें जाऊन आपलें कृत्य सांगावें असा धर्मशास्त्राचा दंडक होता. जैनांचें प्रतिक्रमण व बौद्ध भिक्षूंचा उपोसथ यांतहि झालेले दोष बोलून दाखविण्याची रीत आहे. मग आमच्या भाषेंत ही रीत वाङ्मयांत कां उतरली नाहीं? शब्दांकडे पाहिलें म्हणजे थोडें उत्तर मिळतें. 'प्रायश्चित्त' हा शब्द हळूहळू दक्षिणा, गोमूत्र व क्षौर यांचा झाला, आणि त्यांत कृत्यापेक्षां विटाळच मोठा झाला. 'कबुली' हा शब्द कचेरीचा. जबाब, पंचनामा व शिपाई यांच्या संगतींत वाढलेला. राहिली भक्ति. तिनें पापाला काव्याचें दार उघडून दिलें, पण त्या दारांतून आंत आलेलें पाप सर्वांचें होतें. तुकोबांच्या आत्मचरित्रपर अभंगांत दुष्काळ येतो, दिवाळें येतें, पत्नीचा मृत्यु येतो. तो एक जिवंत माणूस बोलतो आहे याविषयीं शंका राहत नाहीं. परंतु ते जेव्हां स्वतःला पतित म्हणतात तेव्हां तो अभंग गाणारा प्रत्येक वारकरी आपल्याला पतित म्हणवून घेऊं शकतो, आणि त्या अभंगाचें सामर्थ्यच यांत आहे. गाण्याला सामान्य पाप लागतें, गद्याला विशिष्ट.

विशिष्ट पापाचें वाङ्मयीन मूल्य ज्यानें प्रथम जाणलें तो चौथ्या शतकाच्या अखेरीस आपलें आत्मनिवेदन लिहूं लागलेला ऑगस्टीन. त्याच्या तरुणपणांत सांगण्यासारखें पुष्कळ होतें. तरी ज्या कृत्यावर तो सर्वांत अधिक रेंगाळतो तें अगदीं क्षुल्लक आहे: सोळाव्या वर्षीं चार सोबत्यांसह शेजाऱ्याच्या झाडाचीं नासपतीं चोरलीं. भूक नव्हती, घरीं याहून चांगलीं फळें होतीं, चोरलेलीं बहुतेक डुकरांपुढें टाकलीं. मग चोरी केली कां? हा प्रश्न तो पानेंच्या पानें उलटसुलट करून पाहतो. एवढ्याशा गोष्टीला एवढें महत्त्व, असें वाचकाला आधीं वाटतें. आणि मग आपल्या लहानपणचें कांहीं तरी अचानक आठवतें व पुस्तक मिटावें लागतें. पुढें अठराव्या शतकांत रूसोनें, चोरलेल्या फितीचा आळ एका निरपराध मोलकरणीवर घातल्याची गोष्ट सांगितली, तिचेंहि सामर्थ्य याच जातीचें आहे. मात्र रूसोच्या कबुलींत आपण किती निर्भय आहों याचा अभिमान डोकावतो. कबुली देणारा श्रोत्याकडे तिरप्या नजरेनें पाहूं लागला कीं कबुलीची शोभा होते. हा एक धोका आणि सामान्य शब्दांत दडण्याचा दुसरा, या दोहोंच्या मधून जाणारी वाट अरुंद आहे. आमच्या ख्रिस्ती लेखकांपैकीं त्या वाटेनें कोण गेलें?

आरंभ अर्थातच फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'पासून करावयास हवा. हा इंग्रज जेझुइट गोमंतकांतील साष्टींत राहिला (ती साष्टी निराळी, आमच्या ठाण्याची साष्टी निराळी), आणि १६१६ सालीं त्यानें ओवीबद्ध मराठींत सुमारें अकरा हजार ओव्यांचें पुराण छापून प्रसिद्ध केलें. परकीयानें मराठी ओवी इतक्या प्रेमानें हाताळावी ही आमच्या वाङ्मयांतील एक आश्चर्यकारक घटना आहे. परंतु प्रस्तुत प्रश्नापुरतें पाहतां, पुराण हा प्रकारच पापनिवेदनाला अनुकूल नाहीं. पुराणांत पाप आहे, पण तें आदामाचें, काइनाचें, यहूदाचें. श्रोता ऐकतो, हळहळतो, धडा घेतो. 'मी' तेथें आलाच तर तो मंगलाचरणांतला विनम्र कवि असतो. स्वतःचें कृत्य बोलण्याची जागा देवळांतील जाळीमागें होती व ती गुप्त होती. यांत एक विसंगति आहे ती ध्यानांत ठेवण्यासारखी आहे: ज्या पंथानें शतकानुशतकें आमच्याच गांवांत माणसांना नेमकेपणानें पाप सांगावयास शिकविलें, त्याच पंथाच्या गुप्ततेच्या नियमानें तें शिक्षण वाङ्मयापासून दूर राहिलें. ठाण्याच्या कोळीवाड्यांतून व वसईच्या वाड्यांतून जें मराठी आत्मगद्य रोज बोललें गेलें तें जाळीपलीकडे विरून गेलें. तसें तें विरून जावें हेंच योग्य होतें, याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं.

लिखित निवेदन आलें तें प्रॉटेस्टंटांबरोबर, व तेंहि एकोणिसाव्या शतकांत. बेळगांवास १८३१ सालीं जन्मलेले बाबा पदमनजी यांना आम्ही 'यमुनापर्यटना'चे कर्ते म्हणून ओळखतों. १८५७ च्या त्या पुस्तकाला मराठी कादंबरीच्या इतिहासांत आद्यत्वाचा मान पुष्कळांनीं दिला आहे. परंतु आमच्या मतें त्यांचें अधिक मोलाचें पुस्तक 'अरुणोदय' हें स्वलिखित चरित्र होय. १८५४ त बाप्तिस्मा घेण्यापूर्वींचीं आपलीं वर्षें त्यांनीं त्यांत सांगितलीं आहेत, आणि तीं वर्षें म्हणजे एका भित्र्या माणसाचा इतिहास आहे. हा शब्द आम्ही अनादरानें वापरीत नाहीं. त्या पुस्तकाचा थोरपणाच तेथें आहे. बुद्धीला पटलें आहे, मनाला पटलें आहे, पण आईबाप काय म्हणतील, जात काय म्हणेल, या भयानें पाऊल उचलत नाहीं. आज नको, उद्यां. येथें नको, दुसऱ्या गांवीं. ही चालढकल लेखक लपवीत नाहीं.

या संदर्भांत त्यांनीं परमहंस मंडळीचें जें चित्र काढलें आहे तें सर्व सुशिक्षित कुटुंबांनीं वाचावें असें आहे. १८४९ च्या सुमारास मुंबईंत स्थापन झालेल्या या मंडळीचे सभासद जातिभेद मानीत नसत, म्हणजे बंद दाराआड मानीत नसत. सभासद होतांना परधर्मीयानें भाजलेल्या पावाचा तुकडा खावयाचा, आणि बाहेर पडल्यावर तोंड पुसून पूर्ववत् जातींत वावरावयाचें. १८६० सालीं सभासदांची यादी बाहेर फुटली आणि मंडळी जवळजवळ एका रात्रींत नाहींशी झाली. बाबा स्वतः त्या मंडळींत होते. तेव्हां येथें जो दोष ते दाखवितात तो त्यांचाहि दोष आहे, आणि तो कशांत आहे हें त्यांना ठाऊक आहे: पाव खाण्यांत पाप नव्हतें, तो खाल्लेला नाकारण्यांत होतें. अत्यंत सुधारलेली मतें खाजगींत बाळगून लग्नकार्यांत व सोयरिकींत जुन्याच वाटेनें जाणें हा रोग १८६० त संपला असें ज्यांना वाटतें त्यांनीं आजच्या वर्तमानपत्रांतील वधूवरांच्या जाहिराती पाहाव्या.

तथापि 'अरुणोदया'चा एक दोषहि सांगितला पाहिजे, कारण तो त्या काळच्या एकंदर धर्मांतरकथांचा दोष आहे. नवख्रिस्ती लेखक पापाची कबुली देऊं लागला कीं थोड्याच पानांत ती आपल्या पूर्वधर्माच्या झाडाझडतींत बदलते. मी मूर्ति पूजिल्या, मी खुळ्या व्रतांवर विश्वास ठेवला, मी भटांच्या नादीं लागलों, असें तो म्हणतो. पण यांतील खरा आरोपी 'मी' नसून मूर्ति, व्रतें व भट आहेत. ज्या घरांतून आपण बाहेर पडलों त्या घराचीं पापें मोजणें ही कबुली नव्हे, ती फिर्याद होय. बाबांच्या पुस्तकाचा जो भाग आज शिळा वाटतो तो हा. आणि जो ताजा राहिला आहे तो त्यांच्या भयाचा.

पंडिता रमाबाईंच्या निवेदनाचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांनीं कबुलीचा रोंख धर्मांतरानंतरच्या आयुष्याकडे वळविला. १८८३ त इंग्लंडमध्यें वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १९०७ सालच्या आपल्या साक्षींत त्या सांगतात कीं, त्या वेळीं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त मिळाला नव्हता. ही उणीव ध्यानांत यावयास पुढें आठ वर्षें लागलीं. जगभर कीर्ति झालेल्या स्त्रीनें, जिच्या धर्मांतरावर दोन खंडांत वाद झाले तिनें, तें धर्मांतर तेव्हां अपुरें होतें असें लिहावें, याला मोठें धैर्य लागतें. दोन्ही बाजूंच्या टीकाकारांच्या हातीं यामुळें शस्त्र मिळणार हें त्यांना कळत नव्हतें असें नाहीं. १९०५ त केडगांवच्या मुक्तिसदनांत जें धर्मजागरण झालें त्यांत शेंकडों मुलींनी व बायकांनीं रडत रडत आपलीं पापें उघड सांगितलीं, असें त्या काळचे वृत्तान्त सांगतात. दुष्काळांतून व अनाथपणांतून आलेल्या त्या मुली. ज्यांच्यावर जगानें अन्याय केला त्यांनींच पापी म्हणून रडावें, आणि अन्याय करणारे आपापल्या वाड्यांत स्वस्थ असावे, हें आमच्या मनाला आजहि टोंचतें. पापनिवेदनाच्या विरुद्ध सर्वांत बळकट आक्षेप कोणता असेल तर हाच: कबुलीचा भार दुबळे वाहतात. या आक्षेपाला उत्तर एकच, आणि तें तर्कानें देतां येत नाहीं. बळवंतांनीं कबुली द्यावी, हें तें उत्तर.

आतां नारायण वामन टिळक. १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं जन्मलेल्या या कवीचीं शाळेचीं पहिलीं कांहीं वर्षें आमच्या कल्याणांत गेलीं, ही गोष्ट कल्याणकरांनाहि फारशी ठाऊक नसते. १८९३ त आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें त्यांना नवा करार दिला आणि १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. टिळकांनीं ख्रिस्ती उपासनेला मराठी कंठ दिला. त्यांच्यापूर्वीं मराठी ख्रिस्ती माणूस इंग्रजी चालींवर बेतलेलीं गीतें गात असे. टिळकांमुळें तो अभंग व ओवी गाऊं लागला. संतांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलों असें ते मानीत. परंतु या सेतूची किंमतहि द्यावी लागली. 'अभंगांजलीं'त पाप आहे, अनुताप आहे, शरणागति आहे. पण तें पाप पुन्हां वारकऱ्याचें, म्हणजे सर्वांचें पाप आहे. धर्म बदलला, छंद तोच राहिला, आणि छंदाबरोबर छंदाची सवयहि राहिली. आम्ही याला टिळकांची उणीव म्हणत नाहीं. मंडळीनें एकत्र गावयाच्या गीतांत कवीनें आपल्या घरचें भांडण आणूं नये हेंच उचित. मात्र टिळक शीघ्रकोपी होते, प्रापंचिक व्यवहारांत बेफिकीर होते, हातांतला पैसा कोणालाहि देऊन टाकीत व घरांत चूल पेटेल कीं नाहीं याची चिंता बायकोवर सोडीत, हें त्यांच्या कवितेवरून कोणाला कळलें नसतें. तें कळलें त्यांच्या पत्नीकडून.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रें' १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झालीं, आणि त्यांवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं आणखी कांहीं लिहितांना संकोच वाटतो. तरी प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीनें तें पुस्तक फारसें पाहिलें गेलेलें नाहीं. सर्वजण त्यांतील विनोदाची वाखाणणी करतात. तो विनोद म्हणजेच त्या बाईची कबुली आहे, हें सांगत नाहींत.

थोडें उदाहरणानें सांगूं. पुस्तकाच्या आरंभीं त्यांच्या वडिलांच्या सोंवळ्याचें वर्णन येतें. घरांत येणारी प्रत्येक वस्तु धुतल्यावांचून त्यांना चालत नसे. हें वाचतांना हसूं येतें, आणि वाटतें, लेखिका वडिलांच्या वेडाची थट्टा करीत आहे. परंतु पुढें कित्येक पानांनंतर तेंच सोंवळें लेखिकेच्या स्वतःच्या अंगीं दिसूं लागतें. नवरा ख्रिस्ती झाला. विरहाचीं वर्षें कशींबशीं काढून ती पुन्हां त्याच्याजवळ राहावयास आली. पण तिचें पाणी निराळें, चूल निराळी, शिवाशीव निराळी. ज्याच्यावांचून जगवेना त्याच्या हातचें पाणी चालेना. ही स्थिति ती त्याच विनोदानें सांगते, आणि आतां वाचकाला कळतें कीं आरंभीं वडिलांना हसतांना ती स्वतःला सोडून देत नव्हती. शेवटीं एके दिवशीं तिच्या मनांत प्रश्न उभा राहतो कीं, हे जातिभेद देवानें केले कीं माणसांनीं? आणि त्या एका विचारासरशी सगळा डोलारा कोसळतो. येथें कोणी मिशनरी नाहीं, व्याख्यान नाहीं, अश्रूंचा पूर नाहीं. एक बाई विचार करते, आपली चूक तिला दिसते, आणि ती उठून निराळी वागूं लागते. १९०० सालीं तिनें बाप्तिस्मा घेतला तो या घटनेनंतर. पापाची ओळख आधीं झाली, पाणी मागून आलें.

बाबा पदमनजींप्रमाणें ती पूर्वधर्मावर फिर्याद करीत नाहीं, कारण सोंवळें हें तिनें स्वतः पाळलें होतें व आवडीनें पाळलें होतें हें ती विसरत नाहीं. रूसोप्रमाणें ती आपल्या निर्भयतेकडे बोट दाखवीत नाहीं, कारण आपण कांहीं विशेष सांगतों आहों असें तिला वाटतच नाहीं. नवऱ्याचे दोष ती सांगते. पण प्रत्येक वेळीं त्या भांडणांत आपण काय बोललों, किती हटून बसलों, हेंहि शेजारीं ठेवते. 'पाप' हा शब्द ती क्वचितच योजते. आणि तरीहि, किंवा म्हणूनच, आमच्या भाषेंतील पापनिवेदनाचें सर्वांत खरें पुस्तक तें आहे. दुसऱ्याला हसणारा मनुष्य न्यायाधीश होतो. स्वतःला हसणारा मनुष्य कबुली देतो. ज्या बाईला शाळेचें शिक्षण मिळालें नाहीं तिनें हें साधलें, आणि पदवीधरांना तें साधलें नाहीं, याचा अर्थ एवढाच कीं सामान्य शब्दांत दडण्याची विद्या तिला कोणीं शिकविली नव्हती.

येथें लेख संपवितां आला असता. परंतु वरील दोन परिच्छेदांविषयीं वाचकांस एक गोष्ट सांगणें भाग आहे, आणि ती न सांगतां हा लेख छापूं दिला तर वर लिहिलेल्या सर्व मजकुराला कांहींच अर्थ उरणार नाहीं.

'स्मृतिचित्रां'तील विनोद हीच लक्ष्मीबाईंची कबुली, आणि वडिलांच्या सोंवळ्याचें हास्य पुढें लेखिकेवरच येऊन पडतें, ही कल्पना आमची नव्हे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं ठाण्यांतील एका महाविद्यालयांत आम्ही शिकवीत असतां डोंबिवलीहून रोज गाडीनें येणाऱ्या एका विद्यार्थ्यानें आपल्या निबंधांत ती मांडली होती. निबंध उत्तम होता. इतका उत्तम कीं, वर्गांत मागच्या बांकावर बसणारा, उशिरां येणारा, बोलतांना अडखळणारा हा मुलगा असें लिहूं शकेल हें आम्हांस खरें वाटलें नाहीं. भर वर्गांत आम्ही त्याला विचारलें, 'हें कोठून उतरलेंस?' तो कांहीं बोलला नाहीं. वर्ग हसला. आम्हीहि हसलों. पुढील सत्रांत त्यानें मराठी विषय सोडला. दुसऱ्या वर्षीं एका सहकाऱ्याच्या हातीं त्याचे आणखी दोन निबंध आले, ते समोर बसून लिहिलेले होते, आणि ते वाचल्यावर त्याच्या प्रामाणिकपणाविषयीं संशयाला जागा राहिली नाहीं.

आम्हांला वाईट वाटलें. शिक्षकांच्या हातून अशा चुका होतात, असें आम्ही त्यानंतर अनेक ठिकाणीं म्हटलें. नव्या शिक्षकांपुढें बोलतांना तर मोठ्या कळकळीनें म्हटलें, आणि आमच्या विनयाची प्रशंसाहि झाली. त्या मुलाला मात्र आम्ही कांहीं सांगितलें नाहीं. एवढेंच नव्हे, तर ती कल्पना आम्ही वर्षामागून वर्ष वर्गांत आपली म्हणून सांगत आलों. ज्याच्यावर चोरीचा आळ घातला त्याच्याच मालाची चोरी आम्ही वीस वर्षें केली. हा लेख लिहावयास घेतला तेव्हांहि ते परिच्छेद लेखणींतून सरळ आपले म्हणून उतरले. ऑगस्टीनचीं नासपतीं वर लिहून झाल्यावर आणि पाने पुन्हां वाचतांना हात थांबला.

मासिकाच्या रीतीप्रमाणें आम्ही येथें 'आम्ही' म्हणतों. परंतु वर्गांत तो प्रश्न विचारणारा एकटाच होता, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. त्या विद्यार्थ्याचें नांव येथें देत नाहीं. तें छापावें कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार त्याचा आहे. जुन्या ओळखीच्या माणसांकडून त्याचा पत्ता मिळाला. त्याला पत्र लिहिलें आहे. त्यांत पापाविषयीं किंवा वाङ्मयाविषयीं कांहीं नाहीं. काय घडलें, तें कोणत्या दिवशीं, आणि त्यांत दोष कोणाचा, एवढेंच आहे. तें लिहावयास या सबंध लेखापेक्षां अधिक वेळ लागला. उत्तर अद्याप आलेलें नाहीं, आणि यावेंच असें म्हणण्याचा हक्क आम्हांस नाहीं.